दुसरी मोटार : कामावर जाण्याच्या खर्चाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की आपल्या जिल्ह्यातील माणसाला प्रथम असई आठवते. १८०३ सालच्या सप्टेंबरात तेथे झालेल्या लढाईने दक्षिणेचे राजकारण पालटले. त्यापुढे एका मध्यमवर्गीय घराने जुनी मोटार घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु लढाया अधूनमधून होतात. कामावर मात्र माणसाला रोज जावे लागते. जे रोज घडते त्यालाही इतिहास असतो, आणि तो माहीत नसला की आपण आपल्याच खिशाचा हिशेब चुकतो.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. घरात एक बरी मोटार आहे. तिचे हप्ते फिटत आले आहेत. नवरा छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, नोकरीस आहे. बायको तालुक्याच्या एखाद्या शाळेत शिक्षिका आहे. दोघांनाही रोजचे ‘अप-डाउन’. एकच मोटार दोन दिशांना जाऊ शकत नाही. मग रात्रीची जेवणे आटोपल्यावर विषय निघतो : कामावर जाण्यापुरती एखादी स्वस्त, सेकंडहँड, दुसरी मोटार घेऊन टाकावी काय? कोणी म्हणतो, तीन लाखांत चांगली मिळते. कोणी म्हणतो, तेवढ्यात मुलीच्या कॉलेजाची फी भागेल. चर्चा उशिरापर्यंत चालते, आणि ती किमतीपाशी सुरू होऊन किमतीपाशीच संपते.

मी मोटारींचा जाणकार नव्हे. माझे आयुष्य मागणीपत्रके लिहिण्यात आणि वेतनकरारांची कलमे वाचण्यात गेले. त्या वाचनातून एक गोष्ट मला दिसत आली, ती आज आपणांपुढे मांडावयाची आहे. कामावर जाण्याचा खर्च हा वस्तुतः कामाचाच खर्च होय. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो थोडाथोडा करून मालकाच्या व सरकारच्या खात्यातून निघाला आणि नोकरदाराच्या घरखर्चात येऊन बसला. दुसरी मोटार ही त्या प्रवासाची आजची पायरी आहे.

प्रारंभी घर आणि काम एकाच जागी असे. विणकराचा माग घरात, सोनाराची भट्टी ओसरीवर, आणि शेतकऱ्याचे शेत पायी जाण्याच्या टप्प्यात. ही स्थिती कारखान्याने मोडली. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे परळ-लालबागचे गिरणगाव उभे राहिले. गिरणीचा भोंगा वाजला की पायी पोहोचता यावे, एवढ्या अंतरावर बहुसंख्य कामगार राहत. म्हणजे प्रवासखर्च शून्य. पण ही शून्याची किंमत दुसरीकडे द्यावी लागे. एका खोलीत दहा-दहा माणसे दाटीने राहत, आणि १८९६ साली प्लेग आला तो याच दाटीवर पोसला. त्यानंतर १८९८ साली सुधार मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि सरकारला चाळी बांधाव्या लागल्या. कामाजवळ राहण्याचे भाडे माणसाने पैशाने नव्हे, तर जागेच्या अडचणीने आणि आरोग्याने दिले.

काही मालकांनी दुसरा मार्ग धरला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्याबरोबर वसाहतही वसविली. तीच किर्लोस्करवाडी. वालचंदनगर हेही त्याच जातीचे गाव. येथे कामाजवळ राहण्याची सोय मालकाने आपल्या भांडवलातून केली. या व्यवस्थेत एक खोच होती, ती सांगितलीच पाहिजे. घर मालकाचे असले की नोकरी गेल्याबरोबर छप्परही जाते. तरीसुद्धा कामगाराला कामापर्यंत आणणे ही कारखान्याची गरज आहे, हे तत्त्व या वसाहतींनी मान्य केले होते.

आपल्या मराठवाड्याची वाट निराळी. मनमाडहून जालन्यावरून सिकंदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. रूळ मीटरमापी होते आणि गाडी धीमी होती. पण त्या रुळांनी जालन्याच्या कापसाला आणि व्यापाराला बाहेरची बाजारपेठ दिली. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण ज्यांच्या तोंडी आहे, त्यांनी या रुळांचीही आठवण ठेवावी. पुढे १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेनेच आपले रस्ता-वाहतूक खाते काढले. त्यात आरंभी अवघ्या २७ बसगाड्या होत्या. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. राज्यपुनर्रचनेनंतर, १९६१ साली, मुंबई राज्याची, विदर्भाची आणि मराठवाड्याची अशा तिन्ही वाहतूकसेवा एकत्र येऊन आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले.

या सार्वजनिक गाडीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एस.टी.च्या एका फेरीचा खर्च चाळीस-पन्नास उतारूंत वाटला जातो. मासिक पास काढणारा शिक्षक, दुधाची बरणी घेऊन चढणारी बाई, तालुक्याच्या कचेरीत जाणारा कारकून, हे सर्व एकमेकांच्या प्रवासाचा भार नकळत उचलीत असतात. डिझेल महागले तर ओरड सर्वांची मिळून होते, आणि ती विधानसभेपर्यंत पोहोचते. स्वतःच्या गाडीत मात्र पेट्रोल महागले की माणूस पंपावर एकटाच उभा असतो.

सार्वजनिक वाहनाच्या शेजारून खाजगी वाहन वाढत गेले. पहिली आली सायकल. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच गाजले. सायकलीला हप्ता नको, इंधन नको. कामगाराच्या पायाचे बळ हेच तिचे इंजिन. मग आली स्कूटर. बजाज कंपनीचा इटलीच्या पियाजिओ कंपनीशी झालेला करार १९७१ साली संपला, आणि १९७२ साली तिने आपली ‘चेतक’ बाजारात आणली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे क्रमांक लावून वाट पाहिली. त्याच १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची ‘लुना’ आली. नवऱ्याची स्कूटर आणि बायकोची किंवा कॉलेजातल्या मुलाची लुना, अशी जोडी ज्या घरांत झाली, त्या घरांना दुसऱ्या वाहनाचा प्रश्न मोटारीच्या आधीच भेटला होता. पुढे १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि ज्या मराठवाड्यात स्कूटरची वाट पाहत बसावे लागे, तेथेच ती तयार होऊ लागली.

मोटारीची गोष्ट याच क्रमाने पुढे जाते. १९८३ सालच्या १४ डिसेंबरला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, आणि ॲम्बॅसिडर व पद्मिनी यांच्यापलीकडे न पाहिलेल्या मध्यमवर्गाला मोटार आपलीशी वाटू लागली. २००८ च्या जानेवारीत टाटांनी ‘नॅनो’ दाखविली. एका दुचाकीवर चौघांचे कुटुंब पावसात जाताना पाहून रतन टाटांच्या मनात ही कल्पना आली, हे सर्वश्रुत आहे. एक लाखाची मोटार म्हणून जगभर तिचे कौतुक झाले. तरी ती अपेक्षेप्रमाणे खपली नाही, आणि २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच तिला भोवला, असे पुढे स्वतः टाटांनीही म्हटले. मला त्यात आणखी एक धडा दिसतो. मोटार स्वस्त झाली म्हणून मोटारीचा प्रवास स्वस्त होत नाही.

दुसऱ्या मोटारीचा प्रयोग जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेने केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शहराबाहेर दूरवर घरांच्या वसाहती पसरल्या. १९५६ साली महामार्गांचा प्रचंड कायदा झाला. दुकान एकीकडे, शाळा दुसरीकडे आणि नोकरी तिसरीकडे. नवरा मोटार घेऊन गेला की बायको घरात अडकून पडे. म्हणून दुसरी मोटार आली. काही घरांत तर केवळ स्टेशनपर्यंत जाण्यासाठी एक जुनाट, स्वस्त गाडी ठेवीत. १९६० च्या खानेसुमारीपर्यंत तेथील पाचांपैकी एका घरापाशी एकाहून अधिक मोटारी झाल्या होत्या. आरंभी ही चैन होती. परंतु ज्याच्या त्याच्यापाशी मोटार झाल्यावर बसगाड्यांचे उतारू घटले, उतारू घटले म्हणून फेऱ्या घटल्या, आणि फेऱ्या घटल्या म्हणून उरलेल्यांनाही मोटार घेणे भाग पडले. काल जी चैन होती ती आज सक्ती झाली, आणि सक्ती झाल्यावर तिचे कौतुक करणारा कोणी उरला नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. येथे लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांचा मोठा व्यवसाय आहे. तरीही कित्येकांची नोकरी जुन्या जिल्ह्याच्या गावीच राहिली. तेथवरचे अंतर सुमारे ६० किलोमीटर. मधल्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे त्याच रस्त्यावर आणखी माणसे आली. कंपनीची बस ज्याला मिळते तो भाग्यवान. कंत्राटी कामगाराला ती बहुधा मिळत नाही. गाडीची वेळ आणि पाळीची वेळ जुळली नाही, तर रेल्वेचा स्वस्त पासही कुचकामी ठरतो.

गेल्या काही वर्षांतील तीन घटनांनी हा प्रश्न धारदार केला. पहिली घटना २०२० ची. महामारीत पॅसेंजर गाड्या थांबल्या, आणि मासिक पासावर जगणारा नोकरदार उघडा पडला. दुसरी २०२१ ची. ऑक्टोबरअखेरीस एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती. मी संपाची निंदा करणार नाही. पण त्या पाच-सहा महिन्यांत पासधारकाला काळी-पिवळीत कोंबून घ्यावे लागले, किंवा स्वतःचे वाहन पाहावे लागले. एकदा वाहन दारात आले की माणूस सहसा बसथांब्यावर परतत नाही. तिसरी घटना ११ डिसेंबर २०२२ ची. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यावर दुचाकीला आणि ऑटोरिक्षाला प्रवेश नाही. वेगाच्या रस्त्यावर हा नियम सुरक्षिततेसाठी योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, जिल्ह्यातला सर्वांत चांगला रस्ता वापरावयाचा तर मोटार हवी. येथे रस्ताच माणसाला सांगतो की तू कोणते वाहन घे.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. एका सरकारी निर्णयाने नोकरदार स्त्रीच्या प्रवासाचा अर्धा भार घरखर्चातून निघून सार्वजनिक तिजोरीवर गेला. म्हणजे हा भार कोणी उचलावयाचा हे दैवाने ठरविलेले नाही, माणसे ठरवितात.

आता पाटीवर हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत. समजा, जुनी मोटार तीन लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ती एक लाखाला विकली. दोन लाख झिजले. महिन्याला सुमारे ३,३३३ रुपये. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिना २,५०० धरू. आता पेट्रोल. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३,००० किलोमीटर. गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि लिटरचा भाव १०५ रुपये आहे असे मानल्यास पेट्रोलच १७,५०० रुपयांचे. एकूण बेरीज २३,३३३. कर्जाचे व्याज आणि टोल यांत धरलेले नाहीत. या बेरजेत गाडीच्या किमतीचा वाटा किती? बरोबर सातवा. दर सात रुपयांत किमतीचा एकच रुपया आहे, आणि आपण रात्रभर घासाघीस करतो ती त्या एका रुपयावर. उरलेले सहा रुपये अंतराचे आणि वापराचे आहेत. गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी ते चुकत नाहीत. उलट गाडी फार जुनी असेल तर दुरुस्तीचा आकडा वाढतो, आणि नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली असतील तर फेरनोंदणीचा खर्च व खटाटोप वेगळाच.

त्याखेरीज वेळ. रोज अडीच तास रस्त्यावर गेले, तर महिन्याला साडेबासष्ट तास होतात. आठ तासांच्या पाळीने मोजल्यास हे जवळजवळ आठ दिवसांचे काम. आठ दिवसांच्या बिनपगारी कामाविरुद्ध कोणताही कामगार उभा राहील; पण तेच काम रस्त्यावर झाले की ते कोणाच्या ध्यानात येत नाही. तेवीस हजारांची मोटार चालवून चाळीस हजारांची नोकरी करणाऱ्या माणसाचा खरा पगार सतरा हजार आहे, हे त्याच्या पगारपत्रकावर कोठेही छापलेले नसते.

कायद्याने या बाबतीत कसे पाऊल टाकले ते पाहण्यासारखे आहे. १९७१ साली सायकलीवरून कामावर निघालेल्या एका कामगाराला कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर लॉरीने धडक दिली. तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ साली निकाल लागला की, हा अपघात नोकरीच्या ओघात झालेला नव्हे. वाट कामगाराची, अपघातही कामगाराचा. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असल्यास, नोकरीतलाच मानला जाऊ लागला. आणि मग आपल्या मराठवाड्यातलेच एक प्रकरण आले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली मोटारसायकलवरून कामावर जाताना अपघातात मरण पावला. त्याची पाळी पहाटे तीनला सुरू होत होती. पहाटे तीनला हजर व्हावयाचे तर कोणती एस.टी. मिळणार? भरपाईच्या आयुक्तांनी सव्वातीन लाखांहून थोडी अधिक रक्कम मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. कामाची वाट हीदेखील कामाचाच भाग ठरू शकते, हे मान्य व्हावयास त्या कुटुंबाला बावीस वर्षे लागली. नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व घेतलेले आहे.

अपघाताच्या बाबतीत वाट कामाची ठरली. मग खर्चाच्या बाबतीत ती एकट्या कामगाराची का? फ्रान्सने १९७१ साली पॅरिस भागातील मालकांवर सार्वजनिक वाहतुकीसाठी खास कर बसविला आणि पुढे तो इतर शहरांनाही लागू केला. ब्राझीलने १९८५ साली कायदा केला की, कामगाराच्या प्रवासखर्चाचा जो भाग त्याच्या मूळ पगाराच्या सहा टक्क्यांवर जाईल तो मालकाने द्यावा. आपल्याकडे प्रवासभत्त्यावर महिना १,६०० रुपयांपर्यंत प्राप्तिकराची सूट होती. २०१८ च्या अंदाजपत्रकाने ती सर्वसाधारण वजावटीत विरघळून टाकली. रक्कम थोडी होती, पण प्रवास हा एक वेगळा खर्च आहे याची नोंद तीत होती. तीही गेली.

माझे म्हणणे मोटारीविरुद्ध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेला, अपंग माणसाला, ज्या गावी दिवसातून दोनच बसगाड्या जातात तेथल्या शिक्षिकेला स्वतःचे वाहन हा आधार आहे. एखाद्या बाईला नोकरी सोडावी लागणार असेल आणि दुसऱ्या मोटारीने ती टिकणार असेल, तर ती मोटार जरूर घ्यावी; तिचे मोल पैशात होत नाही. मी एवढेच म्हणतो की हिशेब सातही रुपयांचा मांडावा, एकाचा नव्हे. कोणती गाडी स्वस्त, हे विचारण्याआधी किती दिवस खरोखर जावे लागते, जाण्यायेण्यात सोबती मिळतात काय, कामाच्या गावी बिऱ्हाड केल्यास भाडे किती पडेल, हे विचारावे. तेवीस हजारांत त्या गावी चांगले घर मिळत असेल, तर आपण मोटार घेत नसून अंतर विकत घेत आहोत, हे तरी उमगेल.

आणि हा हिशेब घरातल्या वहीतच ठेवू नये. शेंद्र्याला किंवा वाळूजला एकाच पाळीला जाणारी जालन्याची चाळीस माणसे आपापल्या घरी चाळीस वेगवेगळे निर्णय घेतात आणि चाळीस मोटारी रस्त्यावर आणतात. त्याच चाळीस माणसांनी एक कागद केला, त्यावर आपले अंतर, पाळी आणि खर्च लिहिला, आणि पुढच्या करारात कंपनीच्या बसची किंवा अंतरानुसार भत्त्याची मागणी घातली, तर तिला वजन येते. आगारप्रमुखांकडे पाळीच्या वेळेची फेरी मागावयाची, तरी हाच कागद लागतो. मोटारीचा सौदा एकट्याने करता येतो. बसची फेरी मात्र एकट्याला मिळत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी ही चर्चा चालू आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे. गाडी पाहावयास जाण्याआधी महिन्याभराचा खरा प्रवासखर्च तारीखवार लिहून काढावा, आणि आपल्या पाळीच्या चार माणसांना तो दाखवावा. मग मोटार घ्यावयाची की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.